मोरीचं सोवळं

धुणं अर्धं पिळून झालं आणि मोरीतलं पाणी उलटं वर आलं. कोकिळाअक्कांनी ओली चादर तशीच बादलीत टाकली. येत्या रविवारी घरात कानबाई देवी बसायची होती, तिच्यापुढे अंगणात बायका नाचायच्या होत्या. आणि बोलावून आणलेला प्लंबर युवराज मोरी पाहून म्हणाला, "अक्का, निंबाच्या मुळ्या पाइपमा घुसी ग्यात. अंगण खोदनं पडी."

"मंग कानबाई तुन्हा डोकावर बसाडू का? दुसरं काही सांग."

युवराजने डोकं खाजवलं. अंगणातल्या कडुनिंबाच्या मुळ्या कापून जुन्या पाइपातच रसायनात भिजवलेली कापडी नळी सरकवता येईल, हवेने फुगवून आतून चिकटवता येईल. पण ती वाळेपर्यंत मोरीत थेंबभर पाणी सांडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळी बसली. अक्कांनी टाकीचा कॉक बंद केला आणि मोरीच्या दारात पाट टाकून जप करत बसल्या. दुकानातून आलेले यजमान तांब्या घेऊन उभे राहिले. "अगं, पाय तरी धुऊ दे!"

"आज मोरी सोवळ्यात आहे. शेजारी जा."

संध्याकाळी सात वाजता युवराजने अंगणाच्या कडेचं सांडपाण्याचं चेंबर उघडलं, अक्कांनी बादली ओतली. पाणी सरळ निघून गेलं. अंगणातली एक फरशीही हलली नव्हती.

आता सकाळच्या बसने असोद्याला जाऊन थोरल्या जावेला कानबाईच्या रोटाचं, म्हणजे प्रसादाच्या जेवणाचं, आवतण द्यायचं होतं.