धोंड्याच्या पंगतीत सायलेंट

‘सायलेंट’ या इंग्रजी शब्दानं आमच्या मराठवाड्यात जेवढा गोंगाट केलाय तेवढा दुसऱ्या कुठल्याच शब्दानं केला नसेल. मी नांदेडला शाळेत शिकवतो. वर्गात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तर ‘सायलेन्स!’ म्हणून ओरडणाऱ्या माझा. कीर्तनात बुवा मोबाइल सायलेंटवर टाकायला सांगतात, तेही माइकवरून. बुलेटवाली पोरं गाडी घेतली की आधी सायलेन्सर काढून टाकतात. आणि सोयरीक जमवताना मुलाचं सर्वांत मोठं कौतुक काय, तर ‘पोरगा सायलेंट हाय.’ म्हणजे पीत नाही, भांडत नाही, वाढलं ते खातो.

या शेवटच्या अर्थानं माझं सासर माझ्यापासून हिरावून घेतलं. तो अर्थ माझ्या साडूला लागू होता.

साडू औशाला बँकेत. तो येण्याआधी लातूरच्या त्या घरात मी एकटाच जावई होतो. माझ्या नकलांवर जेवणं लांबायची, सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. मग हा आला. बसला, चहा प्यायला, गेला. आणि सासूबाई शेजारणीला, माझ्यादेखत, सांगायला लागल्या, “धाकले जावई लई सायलेंट हायत बगा!”

“आन् थोरले?”

सासूबाईंनी जरा विचार केला. “थोरले बी चांगलेच हायत.”

तो ‘बी’ अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

मागच्या अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आम्हा दोघांना बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या लग्नाची बैठक होती, उमरीला, मुलीकडे. अशा बैठकीला घरचा एक जावई सोबत न्यायचा, ही सासऱ्यांची पद्धत. तो मान माझा, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासऱ्यांचा आवाज आला, “बैठकीत सायलेंट माणूस बरा असतो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, असं काय? मग आज बघाच.

पंगतीला आम्ही दोघं शेजारी. पुरणाच्या धोंड्यावर तुपाची धार पडली आणि मी तोंड बंद केलं, ते फक्त घास घेण्यापुरतं उघडायचं ठरवून.

“बापू, धोंडा गोड झालाय न्हवं?” सासूबाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

“म्हंजे झालाय का न्हाई?”

मी पुन्हा तशीच मान हलवली.

“दाजी, तुमच्या हेडमास्तरची नक्कल करा की,” मेव्हणा म्हणाला. मी ताटातल्या चटणीकडे बघत राहिलो. आत कुजबुज सुरू झाली. बायको वाढायच्या निमित्तानं वाकली आणि दात आवळून म्हणाली, “अहो, माझ्या माहेरी नाटकं करू नका!”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धोंड्याच्या पंगतीत बोलका जावई गप्प झाला, की तो सायलेंट नसतो, तो रुसलेला असतो! मानपानात काहीतरी कमी पडलेलं असतं. सासूबाईंनी माझा आहेर उघडून पाहिला, शर्टाचं कापड बदललं. तुपाची वाटी माझ्यापाशीच येऊन थांबली. शेजारी साडूही तसाच गप्प जेवत होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी सासरे समोर येऊन बसले.

“पाव्हणं, आमचं काय चुकलं असंल तर पोटात घाला. उद्या उमरीला तुमीच चला. पुढच्या सीटवर बसा.”

जिंकलो! चेहरा पाडून ठेवताना माझे गाल दुखायला लागले.

हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. साडू माझ्या हातावर पाणी घालता घालता हळूच म्हणाला, “साडूभाऊ, तुम्ही एक जेवण गप्प बसले तर सगळं घर तुमच्यामागं पळायलंय. मी लग्नापासून गप्प हाय. काय झालं म्हणून कुणी इचारलं न्हाई.”

म्हणजे हा माझ्यावर जळत होता! इतकी वर्षं! खरं सांगतो, त्या दिवशीच्या सगळ्या आहेरात हाच मला गोड लागला. आनंदाच्या भरात मी एकदम उदार झालो आणि सासऱ्यांना म्हणालो, “आम्ही दोघंही येतो.” मी पुन्हा रुसायला नको, म्हणून ते लगेच हो म्हणाले.

सकाळी मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे सासरे, मेव्हणा आणि साडू. लातूर सुटल्यावर मी ऐटीत मागे वळून विचारलं, “बोला साडूभाऊ, तुम्ही गप्प का असता?”

“तुम्ही कधी थांबता, ते बघत होतो.”

सासरे खो खो हसले. आणि साडू सुटला. बँकेतला मॅनेजर कारकुनांवर डाफरतोय आणि मध्येच बायकोचा फोन येतो, तेव्हा त्याचा आवाज कसा लोण्यासारखा होतो, हे त्यानं असं करून दाखवलं की सासऱ्यांना उपरण्यानं डोळे पुसावे लागले. अहमदपूर आलं तेव्हा मी माझा हेडमास्तर काढून बघितला.

“थांबा बापू,” सासरे म्हणाले, “त्येंचं होऊ द्या आधी.”

लोहा गेलं. नांदेड आलं, माझं गाव. तिथं तरी माझ्या बोलण्याला किंमत असेल म्हणून मी ड्रायव्हरला शाळा दाखवायला गेलो.

“सर, जरा गप्प बसा,” तो म्हणाला. “मागचं ऐकू यायलं नाही.”