अंगाई आणि माइकवाला

तुम्हा दोघांच्या शाळेत ऑर्केस्ट्रासमोर काडी घेऊन उभे राहणारे सर असतात ना, तशी तुमची आजीही एकदा उभी राहिली होती, काडीशिवाय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गंगापूर रोडवरच्या आमच्या महिला मंडळाने समूहगीत स्पर्धेत नाव दिलं. मी कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये गायलेली, म्हणून संचालन माझ्याकडे आलं. गाणं होतं एक अंगाई. तिचं शेवटचं कडवं हळूहळू विरत जावं, एवढीच माझी इच्छा होती.

पण बायका सगळ्या भजनी मंडळातल्या. भाव दाटला की डोळे मिटायच्या. माझा हात बघणार कोण? सगळ्यांत मोठा आवाज शेजारच्या वहिनींचा. त्यांची मखमलाबादला झेंडूची शेती होती.

“वहिनी, डोळे उघडा!”

“अहो ताई, देवापुढं डोळे उघडे ठेवून कुणी गातं का?”

“पुढे देव नाही, मी आहे.”

“तेच तर!”

शेवटी डोळे उघडले, पण आवाज काही उतरेना. वहिनी म्हणाल्या, “हात शिलाई मशीनसारखा एकसारखा चालतोय तुमचा. आणि चेहरा परीक्षेच्या हॉलमधला. अंगाई कशी निघायची?”

मला राग आला. मात्रा तर एकही चुकत नव्हती!

एका दुपारी वहिनींचा नातू तालमीतच सतरंजीवर झोपला. आता बोलायची सोय नाही, चुटकी वाजवायची नाही. मी गुडघ्यांत जरा वाकले, मनगट सैल सोडलं, नुसत्या भुवयांनी आणि बोटांनी गाणं पुढे नेलं. पोर उठू नये म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्यावर. शेवटचं कडवं सायीसारखं अलगद उतरलं.

“आत्ता कळलं तुमचं म्हणणं,” वहिनी कुजबुजल्या.

स्पर्धेच्या दिवशीही मी तशीच वाकले, तसाच हात खाली नेला. आवाज उतरत गेला, इतका की माइकवाल्याला वाटलं, माइकच गेला. त्याने धावत जाऊन आवाजाचं बटण पिरगाळलं. आमची कुजबुज हॉलभर गरजली, पाठोपाठ स्पीकरची शिट्टी. मी ओठ घट्ट दाबले, तरी हसू फुटलंच. बायकांचे डोळे माझ्यावरच होते, मग त्याही हसल्या.

बक्षीस गेलं. रिक्षात माझा चेहरा पाहून वहिनी म्हणाल्या, “तोंड का पाडता? कान लावून बसायचा धंदा त्या माइकवाल्याचा, अन् त्यालाही आपण ऐकू आलो नाही. आणखी किती हळू पाहिजे होतं तुम्हाला?”