पाळकमामाची कैलासयात्रा

माझ्या मामाला मी भर उपासनेत, बिशपसाहेबांच्या देखत, कैलासाला धाडलं. मामा अँग्लिकन चर्चमध्ये पाळक होता. त्याचा मुक्काम दुसरीकडे ठरलेला होता, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी धाडलं!

चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते माझी अगदी थोडी.

मामा गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याच्या स्मरणाची उपासना ठरली. सगळा कार्यक्रम इंग्रजीत. मामाची मुलगी रूथ रॅफल्स प्लेसला बँकेत आहे. तिने मिनिटामिनिटाचा तक्ता केला होता. मामीने एकच हट्ट धरला.

"दोन मिनिटं कोणीतरी ह्यांच्याबद्दल मराठीत बोला. एवढे इंग्रजी गुण ऐकून मला वाटायला लागलंय, मी भलत्याच माणसाशी संसार केला!"

मामा गेल्यापासून मामी एवढं सलग बोललीच नव्हती. रूथने माझ्याकडे बोट केलं.

"विजूदादा, यू डू लाह. टू मिनिट्स ओन्ली."

"मी? अगं, मी आठवी नापास!"

"सो?"

'सो' म्हटलं की रूथचा विषय संपतो. आणि नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणू? मी गावाकडून इकडे परदेशात, सेम्बावांगच्या शिपयार्डात फिटर म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी हा माणूस गळ्यात पांढरी कॉलर आणि हातात मटणाचा डबा घेऊन डॉर्मिटरीच्या दारात हजर! (दारात पाळक बघून सुपरवायझरला वाटलं, मी आटोपलो.) माझे फॉर्म त्याने भरले, झोकात सही करायला शिकवलं, मला ताप आला तेव्हा स्वतःच्या पलंगावर झोपवलं आणि आपण सोफ्यावर घोरत पडला. त्याच्यासाठी दोन मिनिटं नाहीत म्हणू?

हो म्हटलं, पण भाषण लिहिणार कोण? म्हणून पराग सरांना गाठलं. सर पुण्याचे, चांगी बिझनेस पार्कात मोठे मॅनेजर. आपल्या मराठी लोकांच्या कार्यक्रमात स्टेज मी बांधतो आणि त्यावर भाषण ते ठोकतात.

"अरे विजय, काळजीच सोड! फक्कड लिहून पाठवतो."

पाठवलं. कधी? उपासनेच्या दिवशी सकाळी, मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, दांडीला लटकलेला असताना!

पहिलाच शब्द, 'कैलासवासी'. मी थबकलो. थबकलो होतो, हे कृपया लक्षात ठेवा! पण म्हटलं, लिहिणारा मॅनेजर, वाचणारा आठवी नापास. त्याच्या चुका काढणारा मी कोण? आणि पुढचे शब्द इतके दगडासारखे, की 'निःस्पृह' आणि 'ऋषितुल्य' घोकता घोकता मी एक स्टेशन पुढे गेलो. अर्थ बघायला वेळ होता कोणाला?

माइकसमोर उभा राहिलो. मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"कैलासवासी रेव्हरंड साळवे..."

बिशपसाहेबांनी गंभीरपणे मान हलवली. (त्यांना मराठीचं अक्षर येत नाही.) मला धीर आला.

"...पहाटे चारला उठून संध्या करत..."

मामा! रविवार सोडला तर आठच्या आधी डोळा न उघडणारा मामा!

"...चारधाम यात्रा त्यांनी दोनदा केली..."

इथे मला जरा शंका यायला लागली. पण गाडी उताराला लागली होती.

"...त्यांचा आत्मा जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटो!"

"आमेन!" बिशपसाहेब म्हणाले. पाठोपाठ सगळं चर्च म्हणालं.

(पराग सरांनी आपल्या आजेसासऱ्यांच्या शोकसभेतलं भाषण नुसतं नाव बदलून पाठवलं होतं! नंतर फोनवर मलाच म्हणतात, "मामा ख्रिश्चन आहेत हे नीट सांगायचंस ना!" साळवे, रेव्हरंड, चर्च, बिशप, एवढं सांगितलं होतं. आणखी काय, बाप्तिस्म्याचा दाखला जोडायचा होता?)

पुढच्या बाकावर मामीचे खांदे गदागदा हलायला लागले. मेलो! मामीला रडवलं! रूथ धावली. तर मामी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती.

"विज्या, ठेव तो मोबाइल खिशात!" ती तिथूनच ओरडली. "कुठला म्हातारा उचलून आणलास? माझ्या नवऱ्याचं सांग!"

मग मला कंठ फुटला. सांगितलं, की उपदेश मध्येच विसरला तर मामा खुशाल गीत सुरू करायचा. कॅरममध्ये राणी मांडीखाली दडवायचा आणि वर "पाळकावर संशय घेता?" म्हणून आपणच चिडायचा. रूथची मॅच चुकू नये म्हणून एकदा अंगातल्या झग्यासकट बसमागे धावला होता. रूथ माझ्याशेजारी उभी राहून वाक्यावाक्याचं इंग्रजी करत होती. लोक हसत होते. मामी डोळे पुसत म्हणत होती, "हो रे, अस्सेच होते."

मला चेव चढला.

"आणि बायकोवर जीव किती! वीस वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी, मामीच्या गळ्याभोवती वर्तमानपत्र गुंडाळून मामा स्वतःच्या हाताने तिच्या केसांना काळा डाय लावायचा!"

रूथने याचंही इंग्रजी केलं. प्रामाणिक पोर!

बायकांच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. कारण वीस वर्षं मामीने तिथल्या बायकांना सांगितलं होतं, की तिचे केस कढीपत्त्याच्या तेलाने काळे राहिलेत. निम्म्या जणींनी त्यापायी गॅलरीत कुंड्या लावल्या होत्या! शेजारच्या चिनी आंटी हळूच वळून मामीच्या भांगाकडे बघायला लागल्या. भांगात तीन आठवड्यांची पांढरी रेघ होती.

"शनिवारी घरी ये," जाताना मामी दातओठ खात म्हणाली.

आता मला सांगा! खरं बोल म्हणणार तुम्ही, आणि खरं बोललं की दातओठ खाणारही तुम्हीच? गरिबाने करायचं काय?

गेलो शनिवारी. मामी स्टुलावर बसली होती. गळ्याभोवती वर्तमानपत्र, वाटीत कालवलेला डाय. तिने ब्रश माझ्यापुढे धरला.

"जगभर दवंडी पिटलीस ना? मग आता तूच लाव. ह्यांच्यामागे आहे कोण दुसरं?"

लावला. डोळ्यांत पाणी येऊन काही धड दिसत नव्हतं. धुऊन झाल्यावर मामीने आरसा घेतला. दोन्ही कान काळेकुळकुळीत!

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"असू दे रे," मामी म्हणाली. "ह्यांचंही पहिल्या वेळी असंच झालं होतं."

मी ब्रश धुवायला घेतला. मामीने आरशात पुन्हा एकदा डावीकडून बघितलं, मग उजवीकडून.

"पण हे शिकलेले ना. ह्यांनी एकच कान रंगवला होता."