वालाच्या वेलाला बांधलेला दोरा

माझी बायको महानंदा जिवंत होती तोवर हे मी कुणाला सांगितलं नाही. कागदावर तर आजच आणून राहिलो. लिहायला माझा हात जड आहे — तरी ऐका.

तिच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं जेवलो. तिच्या ताटात भाकर कुस्करून वरणात भिजवून दिली, मीच. बायकोला चावता येत नव्हतं. दाढा काढल्या होत्या. का काढल्या? तेच तर सांगायचंय.

तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं. नांदेडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईनं मेण लावलेल्या दोऱ्याची डबी दिली. रोज जेवल्यावर दोरा दोन बोटांना गुंडाळायचा, दातांच्या फटींतून हळू फिरवायचा. महानंदा ओसरीत बसून नेमानं करायची. मी हसायचो — म्हातारपणी दात शिवून राहिली का? ती म्हणायची, तुमचं तोंड शिवायला ठेवलाय थोडा. महिन्यात रक्त थांबलं.

मग मी काय केलं? दोरा लई चिवट. वालाचा वेल मांडवावर चढवायला सगळाच ओढून घेतला. दुसरी डबी आणा म्हणाली. आणतो म्हणालो — अन् कंधारच्या दुकानात विचारलंसुद्धा नाही. दातासाठी दोरा मागायची लाज वाटली. बाईमाणसाच्या दाताचं एवढं काय, असंही वाटलं.

वर्षभरात दाढा हलायला लागल्या. पुन्हा नांदेड. एवढ्या हिरड्या कशानं सडल्या, डॉक्टरीणबाईनं विचारलं. लेक शेजारी उभी. मी पटकन म्हणालो, "चोरून मिश्री लावती ती."

तिनं उभ्या जन्मात मिश्रीला बोट लावलं नव्हतं. दोघींनी तिलाच झापलं. ती माझ्याकडं पाहत राहिली. एस्टीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "लेकीपुढं तरी नको होतं."

दोन वर्षं गेली. ती भिजवलेली भाकर खाऊन त्या दिवशी निजली, ती उठलीच नाही.

सकाळी बाया तिला न्हाऊ घालायला जमल्या. शेजारीण म्हणाली, मिश्रीनं दात खाल्ले बाईचे. लेकीनं मान डोलावली. मी उंबऱ्यातूनच बोललो, "तिनं मिश्री कधीच लावली न्हाई. दोरा मी वेलाला बांधला. खोटं बी मीच बोललो."

रडणं थांबलं. लेकीनं आईचं डोकं मांडीवर घेतलं. मला मात्र हलकं वाटलं — बायको समोर निपचित, अन् मला हलकं वाटलं. तेही कबूल. मग ऊन पाण्याची बादली उचलून आत दिली.