उंबऱ्यापर्यंतचं पाणी

वैनगंगा घरात कितीही शिरली तरी मावशी ते कबूल करत नसे. "आली होती उंबऱ्यापर्यंत. पाहून गेली," एवढंच सांगायची. नदी म्हणजे माहेरी आलेली लेक. तिनं नासधूस केली असं चारचौघांत बोलू नये, ही मावशीची रीत.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. लाखनीहून भंडाऱ्याला शिकायला आलो, तेव्हा तिच्या नदीकाठच्या मातीच्या घरात मी भाड्यानं राहायचो. एका पुरात तिनं मला माळ्यावर चढवलं आणि स्वतः कंबरभर पाण्यात उभी राहून पिठाचा डबा वर दिला. "चूप बस. अन् तोंडानं पूर-बीर म्हणू नको, तिले आयकू येते."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. दारातल्या ओल्या गाळावर तिनं आधी कुंकू वाहिलं, मग तोच गाळ कालवून भिंतींना पोतारा दिला. दुपारपर्यंत पाण्याची खूण पुसून गेली. शेजारीण म्हणाली, "तुमची लेक लय कचरा टाकून गेली वो मावशी."

"तुह्या घरी नाई टाकला म्हणून जळून राहिली का?"

पुढे खालच्या अंगाला धरण झालं. पाणी मागं फुगायचं आणि ओसरायचं नावच घ्यायचं नाही. रेती येईनाशी झाली, काळा, वास मारणारा चिखल बसू लागला. त्याचा पोतारा भिंतीला धरत नसे. वाळला की पापुद्रे सुटत. मावशी पुन्हा लावायची. "थकली असन बिचारी, म्हणून मुक्काम करते," म्हणायची.

मग पूररेषेची मोजणी आली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना उंचावर नवी जागा मिळणार होती. मोजणीच्या नोकरीत मी होतो. दारोदार विचारायचं, भिंतीवरचा डाग बघायचा, तिथं लाल रेघ मारायची. मावशीच्या भिंतीवर डाग नव्हता. साहेबांनी विचारलं, तिनं नेहमीचंच उत्तर दिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

बोललो असतो तर ती लोकांत खोटी पडली असती, असं मी इतकी वर्षं मनाला सांगत आलो. ते खरं नाही. ओळखीच्या बाईला जागा मिळवून दिली, असं कोणी म्हणेल, याची मला भीती वाटली. मी उंबऱ्यावर रेघ मारली.

पुढच्या पावसाळ्यात पाणी तिच्या घरात तुंबूनच राहिलं आणि मागची भिंत बसली. मावशी वाचली, घर गेलं. नव्या वस्तीत तिला जागा नव्हती. वरठीला भाचीच्या पत्र्याच्या खोलीत ती राहायला गेली. मी फार उशिरा भेटायला गेलो. तिनं चहा पुढे ठेवला, तेव्हा सांगून टाकलं, "मावशी, मले सारं माहीत होतं."

"मलेबी माहीत होतं, का तुले माहीत हाय," ती म्हणाली. "म्हणून त बिनघोर होती मी. मले बोलता येत नव्हतं गा. वाटलं, तू सांगशीन."