बत्तीस बटणं, पाच प्रश्न

मामा कटर होता. म्हणजे कपड्यांच्या कारखान्यात लांबलचक टेबलावर कापडाचे पन्नास-साठ थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखणी करायची आणि मग कापायचं. एक रेघ चुकली की साठ शर्टांच्या साठ बाह्या वाया. बावीस वर्षं हेच केल्यामुळे माणूस तसाच घडला होता. तोंडातून शब्द काढायच्या आधीसुद्धा तो मापं घेतोय असं वाटायचं. लग्नाचं मोजता मोजता राहूनच गेलं, असं कारखान्यातले लोक म्हणायचे आणि तो ते हसण्यावारी न्यायचा.

त्याची धाकटी बहीण नर्स होती. नवरा घर सोडून गेला, त्याच सुमारास परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं, आणि तिने दोन वर्षांची लेक भावाच्या पुढ्यात आणून ठेवली. "वर्षभराचाच प्रश्न आहे, दादा," ती म्हणाली. त्या वर्षाची पुढे पाच वर्षं झाली. दोष कुणाला द्यायचा? कागदपत्रं अडतात, नोकऱ्या बदलतात, एवढ्याशा खोलीत मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न असतो. पैसे मात्र ती दर महिन्याला न चुकता पाठवायची आणि फोनवर रडायचीही न चुकता.

मूल कसं सांभाळतात यातलं मामाला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या आठवड्यात पोरगी रडायची थांबेना तेव्हा त्याने कारखान्यातून आणलेला टाकाऊ बटणांचा डबा तिच्यासमोर पालथा केला आणि ती एखादं तोंडात घालेल म्हणून डोळ्यांत तेल घालून समोर बसला. तिने एकही तोंडात घातलं नाही. पांढरी एकीकडे केली, बाकीची दुसरीकडे. मग बराच वेळ विचार करून एक मळकं पिवळं बटण उचललं आणि मधोमध ठेवलं. मामा त्या पिवळ्या बटणाकडे पाहतच राहिला. त्या दिवसापासून तो तिला गुंडी म्हणायला लागला.

खेळ तिथूनच सुरू झाले. कारखान्यातून आल्यावर मामा हातपाय धुऊन 'यंत्र' व्हायचा. यंत्राला गुंडीने हुकूम द्यायचे आणि यंत्राने तेवढंच करायचं, ना कमी ना जास्त. "पाणी आण," म्हटलं की यंत्र पाणी आणायला जायचं आणि नळाखाली रिकामी ओंजळ धरून उभं राहायचं, कारण भांडं घे असं कोणी सांगितलं नव्हतं. नळ सोड असंही नाही. "चालत जा," म्हटलं की भिंतीला नाक लावून जागच्या जागी पावलं टाकत राहायचं. गुंडी आधी चिडायची, मग पोट धरून हसायची, मग गप्प बसून विचार करायची. सहाव्या वर्षी ती म्हणाली, "भिंत येईपर्यंत पाऊल टाक. भिंत आली की उजवीकडे वळ. खिडकी दिसली की थांब." यंत्र खिडकीपाशी बरोब्बर थांबलं. मामाला इतका आनंद झाला की यंत्रपणा विसरून त्याने तिला खांद्यावर घेतलं, आणि हुकमाशिवाय हललास म्हणून बोलणी खाल्ली.

पण खरा खेळ होता बत्तीस बटणांचा. बटणं मांडायची, एकाने मनात एक धरायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारून शोधायचं. उत्तर फक्त हो किंवा नाही. पुढे एक अक्षर बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत आणि खोटं तर मुळीच नाही. सुरुवातीला गुंडी एकेका बटणावर बोट ठेवायची, हे का, हे का. वीस-पंचवीस प्रश्न व्हायचे. मामाने युक्ती सांगितली नाही. तो मुद्दाम अडाणी राहिला. आणि एके दिवशी तिने विचारलं, "त्याला चार भोकं आहेत का?" नाही म्हणताच तिने सोळा बटणं हाताने बाजूला लोटली आणि राहिलेल्या सोळांकडे नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, अर्धी गेली." महिन्याभरात ती पाच प्रश्नांत कुठलंही बटण शोधायला लागली. चौथ्याच प्रश्नात सापडेल का म्हणून दोघांनी एक अख्खी सुट्टी घालवली आणि दर वेळी ते शक्य होणार नाही, हे तिनेच त्याला बोटांवर पटवून दिलं.

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मामा अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. बाई म्हणाल्या, "घरी हिला प्रोग्रामिंग कोण शिकवतं?"

"कोणी नाही हो," मामा घाईघाईने म्हणाला. "आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही."

बाई हसल्या. तो घरी परतला तरी आपल्यावर नेमका कसला आळ आला होता हे त्याला कळलं नव्हतं.

गुंडीला सात वर्षं पूर्ण झाली आणि तिची आई आली. दोन खोल्यांचं घर मिळालं होतं, कागद झाले होते, तिकिटं काढली होती. पण बहीण मनाने चांगली होती. तिला गुंडी अंगाखांद्यावर दिसत होती ती भावाच्या. ती म्हणाली, "दादा, मी ओढून नेणार नाही. तिला विचारू. ती म्हणेल तसं."

मामा हो म्हणाला. दोन दिवस त्याचा जीव टांगणीला लागला होता. कारखान्यात त्याने आखणी तिसऱ्यांदा तपासली, तेव्हा सुपरवायझरने बरं वाटत नाहीये का म्हणून विचारलं.

दुपारी जेवणं झाल्यावर आईने लेकीला समोर बसवलं. "माझ्याबरोबर यायचंय तुला?"

"हो," गुंडी म्हणाली.

आणि पुढे काही बोलली नाही. आईने तिला कुशीत ओढलं आणि रडायला लागली. पण गुंडी आईच्या खांद्यावरून मामाकडे बघत होती, आणि त्या बघण्याचा अर्थ घरात एकट्या मामाला कळला. ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती. तिच्या हिशेबी आता मामाची पाळी होती. त्याने विचारायचं होतं, मामाकडे राहायचंय का, आणि ती तितक्याच खरेपणाने पुन्हा हो म्हणाली असती.

मामाच्या ओठांवर प्रश्न आला होता. पण दोन्ही उत्तरं हो आली की त्यातलं एक खोडायला त्या सात वर्षांच्या पोरीलाच सांगावं लागलं असतं. ते त्याच्याने होईना. त्याने प्रश्न गिळला आणि ताटं उचलून मोरीत नेली.

जायच्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात उभी होती. ड्रायव्हर बॅगा चढवत होता, आई आत बसून पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाचपत होती. गुंडी मामाची बाही ओढून म्हणाली, "एक प्रश्न."

"विचार."

"मी इथे राहावं असं तुला वाटतं का?"

मामाने आयुष्यभर कापड कापलं होतं. कात्री मध्येच थांबवून पुन्हा चालवली की कडेला दाते पडतात, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. हो म्हणालो तर ही इथेच पाय रोवेल, नाहीतर वाटभर रडत जाईल, असं त्याला वाटलं. एका दमात तुटलेलं बरं.

"नाही," तो म्हणाला.

गुंडीने मान हलवली. उत्तर मिळाल्यावर ती नेहमी हलवायची तशीच. "बरं," म्हणाली आणि टॅक्सीत जाऊन बसली. रडली नाही. मामाला वाटलं, जमलं. घरात येऊन तो इतका रडला की शेजारच्या बाईंनी कडी वाजवली.

त्यानंतर दर रविवारी फोन यायचा. शाळा आवडली? हो. मैत्रिणी झाल्या? हो. थंडी आहे? हो. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळायचं. तिचा मात्र एकही प्रश्न यायचा नाही. दोन महिन्यांनी बहिणीने कामावरून एकटीने फोन केला.

"दादा, तू तिला काय म्हणालास? सुट्टीत मामाकडे जाऊ म्हटलं, तर नको म्हणते. मामाला मी नको होते म्हणे. मी म्हटलं, कोण म्हणालं असं? तर म्हणते, मामाच म्हणाला, आणि मामा खोटं बोलत नाही."

पोरीचं रडणं वाचवलं अशा समजुतीत तो दोन महिने जगला होता, आणि पोरगी दोन महिने नकोशी होऊन जगत होती. स्वतःचा आला इतका राग त्याला दुसऱ्या कुणाचा कधी आला नव्हता.

रविवार उजाडेपर्यंत त्याने वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. शेवटी जुळवलेलं सगळं बाजूला ठेवून तो एवढंच म्हणाला.

"गुंडे, टॅक्सीपाशी मी खोटं बोललो. मला तू हवी होतीस. आत्ताही हवी आहेस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नेहमीसारखी विचार करत होती, एकेक गोष्ट बाजूला करत.

"म्हणजे तू खोटं बोलू शकतोस," ती म्हणाली.

"एकदाच बोललो गं. पुन्हा नाही बोलणार."

"मग आत्ताचं खरं आहे, हे मी कसं ओळखायचं?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती मामाच्या उत्तराची वाट बघत थांबली.