रिकाम्या हॉलची हजेरी

माझ्या फजितीची ही गोष्ट मीच सांगितलेली बरी. मेधाताई सांगतात तेव्हा लोक फार हसतात.

मेधाताई म्हणजे सिंगापूरच्या हौगांग भागातल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. मी त्या शाळेच्या समितीवर नवा निवडून आलो होतो. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "समितीनं धोरण ठरवायचं, शाळा मी चालवायची. वर्गावर यायचं असेल तर आधी कळवा."

आधी का कळवायचं? मला लगेच संशय. मी आयटीतला मॅनेजर, न सांगता जाऊन टीमचं काम बघायची सवय. गेलो एका रविवारी दुपारी, गुपचूप.

आभाळ भरून आलं होतं. तिसऱ्या मजल्यावर दिवे बंद. पहिल्या वर्गात खुर्च्यांवर दप्तरं, पंखा चालू, फळ्यावर अर्धंच वाक्य. माणूस एक नाही. दुसऱ्या वर्गात तेच. माझ्या मुलीची, ईराची, पाण्याची बाटली उघडीच होती. ईरा नव्हती.

एवढी मुलं असलेली शाळा इतकी शांत कधी ऐकलीय तुम्ही? मी नव्हती ऐकली.

तेवढ्यात हॉलमधून मेधाताईंचा आवाज आला. "आर्या?"

उत्तर नाही.

"मिहीर?"

उत्तर नाही. मी दाराच्या फटीतून पाहिलं. अंधाऱ्या, रिकाम्या हॉलमध्ये ताई एकट्याच उभ्या. एकेक नाव घेत होत्या, थांबत होत्या, मग "छान" म्हणून कागदावर खूण करत होत्या.

"ईरा?"

शांतता. "छान."

मी आमच्या अध्यक्षांना, शिरीषरावांना, फोन लावला.

"मुलं नाहीयेत," मी कुजबुजलो. "ताई रिकाम्या हॉलची हजेरी घेतायत."

"पण तू तिथं काय करतोयस?"

"तपासणी."

"कुणी सांगितली होती?"

मी फोन ठेवला, हॉलमध्ये धावलो आणि ईराच्या नावानं हंबरडाच फोडला.

स्टेजचा पडदा हलला. त्याच्याखाली बुटांची लांबच लांब रांग दिसली.

"बाबा, डोन्ट क्राय लाह," पडद्यामागून ईरा म्हणाली. "वी आर हायडिंग."

मेधाताई शांतपणे म्हणाल्या, "अनोळखी माणूस इमारतीत शिरला तर लपायचं. कुणी नाव घेतलं तरी ओ द्यायची नाही. त्याचा सराव चाललाय."

"समितीला सांगायला नको?"

त्यांनी फाइलमधलं मागच्या मीटिंगचं इतिवृत्त माझ्यापुढे धरलं. सुरक्षा सराव, एकमतानं मंजूर. अनुमोदक म्हणून माझंच नाव. त्या मीटिंगमध्ये मोबाइल बघता बघता मी कशाला तरी हात वर केला होता, एवढं आठवलं.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांचा अहवाल आला. 'सराव यशस्वी. सर्व मुले गप्प राहिली. एकच मुलगी बोलली, कारण समितीचे एक सदस्य रडू लागले होते.'

अहवाल एकमतानं मंजूर झाला. या वेळी मी नीट वाचून हात वर केला.